वहिवाट आहे, मग नोंद कशाला?

पुण्याच्या ‘बर्गर किंग’नं अमेरिकेच्या ‘बर्गर किंग’ला कोर्टात हरवलं, ही बातमी ऑगस्ट २०२४ मध्ये आली आणि बारामती-इंदापूरच्या बाजारपेठेत तिचा एक अर्थ पक्का होऊन बसला. नाव ज्यानं आधी चालवलं त्याचं. नोंदणीबिंदणी हा मोठ्यांचा खेळ. आपल्यासारख्या दुकानदाराला ट्रेडमार्क लागत नाही. हॉटेलवाला हे म्हणतो, मसाल्याची गिरणी चालवणारा म्हणतो, आणि ज्यांनी त्यांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायच्या तेही कधीकधी मान डोलावतात. हा अर्थ चुकीचा आहे. शिवाय त्या खटल्यात पुण्याच्या हॉटेलवाल्यांनी जे सोसलं, त्याच्या तो अगदी उलटा आहे.

खटला काय होता ते पाहू. पुण्यातलं हे छोटं खाद्यगृह १९९२ पासूनचं. अमेरिकी कंपनी १९५४ ची; तिनं भारतात नावाची नोंदणी १९७९ मध्येच करून ठेवली होती, पण इथं पहिलं दुकान उघडलं ते २०१४ साली. त्याआधीच, २०११ मध्ये, तिनं पुण्याच्या मालकांवर दावा लावला. जिल्हा न्यायालयानं २०२४ मध्ये तो फेटाळला. कारण सरळ होतं : कंपनी इथं हॉटेल घेऊन येण्याच्या कितीतरी आधीपासून पुण्याचं दुकान त्या नावानं चालू होतं, आणि गिऱ्हाईक फसलं असं कंपनीला दाखवता आलं नाही. बातमी इथं संपली आणि कट्ट्यावरच्या चर्चाही इथंच संपल्या.

खटला मात्र संपला नव्हता. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि डिसेंबर २०२४ मध्ये, अपिलाचा निकाल लागेपर्यंत ते नाव वापरायला मनाई झाली. जानेवारी २०१२ पासून दावा निकाली निघेपर्यंत अंतरिम आदेश लागू होताच, हे त्या वेळी उच्च न्यायालयानं नोंदवलं. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या मनाईला स्थगिती दिली, तेव्हा कुठं पुणेकर मालकांना श्वास घेता आला. अपील उच्च न्यायालयातच राहिलं. म्हणजे ‘जिंकलेल्या’ माणसाची तेरा-चौदा वर्षं वकिलाच्या पायऱ्या झिजवण्यात गेली. त्यांनी कंपनीकडून २० लाखांची भरपाई मागितली होती. तीही मिळाली नाही, कारण तोंडी जबानीपलीकडे नुकसानीचा पुरावा समोर आला नाही. हा निकाल ज्याला धंद्याचा आदर्श वाटतो त्यानं आपल्या गल्ल्याकडे एकदा बघावं आणि अशी चौदा वर्षं आपल्याला परवडतील का ते सांगावं.

यावर कुणी म्हणेल, १९९२ मध्ये ते नोंदणी करायला गेले असते तरी १९७९ ची नोंद आडवी आलीच असती. बरोबर आहे, आली असती. पण मग ती १९९२ मध्ये कळली असती. पाटी रंगवायच्या आधी, नावाला गिऱ्हाईक लागायच्या आधी. त्या काळी शोध घ्यायचा तर मुंबईच्या कार्यालयात जावं लागायचं. आज ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या संकेतस्थळावर हा शोध फुकट आहे आणि मोबाइलवर होतो. मुलाच्या बारशाला पंचांग पाहणारा आपला माणूस दुकानाच्या बारशाला हा शोध घेत नाही, याचं मला खरोखर नवल वाटतं.

आता मुख्य मुद्दा. आधी वापरणाऱ्याचा हक्क कायद्यात आहे, हे खोटं नाही. १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ३४ तेच सांगतं : दुसऱ्यानं नंतर नोंदणी केली म्हणून आधीपासून वापरणाऱ्याला हुसकता येत नाही. तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै हलवा’ या दुकानाचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०१५ मध्ये न्यायालयानं स्पष्ट केलं की दोघांकडे नोंदणी असली तरी जुन्या वापरकर्त्याचा हक्क वरचढ. आपल्याकडचे नोंदणीविरोधक हा निकाल ऐकला की खूश होतात. त्यातली एक गोष्ट मात्र त्यांच्या कानावरून निसटते. त्या जुन्या हलवेवाल्यांकडेही नोंदणी होती. वहिवाट होती म्हणून त्यांनी कागद सोडला नव्हता.

इंदापूर तालुक्यातला शेतकरी बांधासाठी तीन पिढ्या भांडेल, पण सातबाऱ्यावर नाव चढल्याशिवाय त्याला झोप येत नाही. सातबारा हा मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे, हे त्याला तलाठ्यानं, वकिलानं, सगळ्यांनी ऐकवलेलं असतं. तरी तो नोंद लावून घेतोच, कारण नोंद असली की ती खोटी पाडायचं काम समोरच्याचं होतं. ट्रेडमार्कच्या नोंदणीचंही तेच आहे. कलम ३१ प्रमाणे नोंदणी हा चिन्ह वैध असल्याचा प्रथमदर्शनी पुरावा. ज्याला ते मान्य नाही त्यानं उलट सिद्ध करावं. नोंद नसेल तर सगळं ओझं तुमच्या डोक्यावर : या नावाला लौकिक आहे, समोरच्यानं लोकांची दिशाभूल केली, त्यातून आपलं नुकसान झालं, हे तिन्ही तुम्ही दाखवायचं. जमिनीच्या वहिवाटीला निदान पीकपाहणी असते. नावाच्या वहिवाटीला काय असतं?

असतात त्या पावत्या. आणि इथंच ‘वापर हाच हक्क’ म्हणणाऱ्यांची पंचाईत होते. वीस-वीस वर्षं मिसळ विकणाऱ्याकडे, कांडप करून देणाऱ्याकडे, दुधाचा खवा पुण्याला पाठवणाऱ्याकडे स्वतःच्या नावाचं छापील बिलबुक नसतं. असलं तर त्यावर मालकाचं नाव असतं, दुकानाचं नसतं. कच्च्या पावतीवर चालणारा धंदा कर वाचवतो खरा, पण कोर्टात उभं राहायची वेळ आली की आपण त्या नावानं कधी काय विकलं याचा एकही चिटोरा हातात राहत नाही. बर्गर किंगच्या खटल्यात उच्च न्यायालयानं दोन्ही बाजूंना गेल्या दहा वर्षांची धंद्याची आणि कराची कागदपत्रं जपून ठेवायला सांगितलं. आपल्या बाजारपेठेत किती जण दहा वर्षांची कागदपत्रं काढून देतील? म्हणजे नोंदणी नको म्हणताना आपण ज्या हक्कावर विसंबतो, तो टिकवायला नोंदणीहून जास्त कागद लागतो. हे कुणी सांगत नाही.

‘पण माझ्याकडे शॉप अ‍ॅक्ट आहे की!’ हे वाक्य मी इतक्या काउंटरवर ऐकलंय की त्याच्यावर वेगळा लेख होईल. शॉप अ‍ॅक्ट, उद्यमची नोंद, जीएसटी क्रमांक, खाद्य परवाना यांपैकी एकही कागद तुम्हाला नावाचा मालक करत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने कायद्याखाली थोडे कामगार असलेल्या लहान आस्थापनेनं नुसती ऑनलाइन सूचना द्यायची असते; शेजारच्या गल्लीत त्याच नावाचं दुकान आहे का, हे तिथं कुणी तपासत नाही. अमुक तारखेला मी या नावानं धंद्यात होतो याचा पुरावा म्हणून हे कागद उपयोगी पडतात. तेवढाच त्यांचा उपयोग. ते भिंतीवर काचेत लावून निर्धास्त होणं वेगळं.

पाट्यांबद्दल बोलायचं तर पुणे-सोलापूर रस्त्यानं इंदापूरकडे निघावं. भिगवणला उजनीच्या पाणलोटातली मासळी आली, आणि मासळीच्या ताटांसाठी पुण्याहून गाड्या यायला लागल्या. एखाद्या खानावळीचं नाव झालं की काही महिन्यांत तेच नाव, पुढे ‘न्यू’, ‘मूळ’ किंवा ‘ओरिजिनल’ लावून, थोड्या अंतरावर उभं राहतं. मग पहिला मालक आपल्या पाटीखाली ठळक अक्षरांत लिहितो : ‘आमची कोठेही शाखा नाही.’ आपल्या भागातली ही सर्वांत जुनी आणि सर्वांत निरुपयोगी ट्रेडमार्क नोंदणी. तिचा खर्च फक्त रंगाचा, आणि ती वाचतो फक्त तोच, जो आधीच योग्य दुकानात येऊन बसलेला आहे. पुढच्या दुकानात उतरलेल्या गिऱ्हाइकाला ती दिसत नाही.

अर्थात, यातल्या निम्म्या मालकांचं रडगाणं मला मान्य नाही. ‘जय मल्हार’, ‘शिवराज’, ‘गावरान’, ‘घरगुती चव’ अशी नावं स्वतः घ्यायची आणि मग कुणी चोरली म्हणून ओरडायचं, यात काय अर्थ? खंडोबाचं नाव कुणा एकाच्या खानावळीला बांधून देता येणार नाही. मालाचा गुण किंवा गाव सांगणारा शब्द, म्हणजे ‘अस्सल’, ‘शुद्ध’ किंवा नुसतं ‘बारामती मसाला’, कलम ९ खाली अडतो, आणि अडायलाच हवा. नाहीतर बारामतीतल्या बाकीच्या मसालेवाल्यांनी जायचं कुठं? लांबच्या वापरानं त्या शब्दाला तुमचीच ओळख चिकटलीय हे दाखवता आलं तर वाट निघते, पण ती खडतर. इंदापूरच्या ‘सोनई’ दुधाकडे बघा : लहानसा, सहज तोंडात बसणारा शब्द, त्यात दुधाचं वर्णन नाही आणि इंदापूरचं नावही नाही. ज्याला नाव राखायचं त्यानं आधी राखण्याजोगं नाव ठेवावं.

सगळ्यात प्रामाणिक आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मी गांभीर्यानं घेतो. तो असा की ट्रेडमार्क हे मोठ्यांचं हत्यार आहे. त्याचा वार नेहमी लहानावर होतो. मग लहानानं त्याच हत्याराची पूजा का करावी? यात तथ्य आहे. मोठ्या कंपनीच्या वकिलाची इंग्रजी नोटीस तालुक्याच्या गावी आली की बहुतेकदा खटला होतच नाही. दुकानदार दुसऱ्या दिवशी पेंटर बोलावतो. आपण जुने आहोत की नवे, नोटिशीत दम आहे की नाही, हे बघायच्या आधी पाटी पुसली जाते. याच कायद्यातलं कलम १४२ मात्र त्याला कुणी दाखवत नाही : बिनबुडाच्या धमकीविरुद्ध धमकी मिळालेला माणूस स्वतःच कोर्टात जाऊ शकतो आणि भरपाई मागू शकतो. समोरच्यानं वेळेत खरा दावा लावला तर हे कलम बाजूला पडतं, पण मग निदान दावा तरी होतो. दुकानदाराचं तोंड आधीच बंद होत नाही. हत्यार मोठ्यांचं वाटतं, कारण ते उचलायला आपण कधी हातच पुढे केलेला नाही.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतच बघा. तिथं इटलीच्या फेरेरो कंपनीचा कारखाना आहे. आसपासच्या गावच्या कितीतरी बायका तिथं कामाला जातात. या कंपनीच्या सोनेरी कागदातल्या ‘रोशे’ चॉकलेटची हुबेहूब नक्कल चीनहून आणून विकली जात होती, तेव्हा ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि एप्रिल २०१८ मध्ये १० लाखांची भरपाई मिळवली. ‘आमची चव लोकांना कळते’ म्हणून ती गप्प बसली नाही. आणि तिच्या दारातून घरी जाणारी बाई संध्याकाळी बचत गटाचा चकली भाजणीचा पुडा बांधते, त्यावर गटाचं नाव असतं, पण त्या नावाचा कागद कुणाकडेच नसतो. चवीवर भरवसा ठेवणं चांगलं. पण पुडा फोडल्याशिवाय चव कळत नाही; दुकानात उभं राहून गिऱ्हाईक फक्त नाव वाचतं.

खर्चाचा आक्षेप मला सर्वांत कमी पटतो. एका वर्गातल्या एका नावाची ऑनलाइन अर्जाची सरकारी फी व्यक्तीला किंवा उद्यम दाखला असलेल्या लहान उद्योगाला ४,५०० रुपये आहे, बाकीच्यांना ९,०००. नोंदणी दहा वर्षांची, मग नूतनीकरण. खानावळ ४३ व्या वर्गात, मसाला आणि गूळ ३० व्या, दूध आणि मासळी २९ व्या. दोन्ही-तिन्ही करायचं तर फी तितक्या पटीत. उद्घाटनाच्या दिवशी मांडव, डीजे आणि चौकातल्या फ्लेक्सवर उडवलेल्या रकमेत हे सगळं बसतं. पैसा नाही म्हणून नोंदणी झाली नाही, असं मला फार थोड्यांच्या बाबतीत खरं वाटतं.

खरं दुखणं अर्जानंतर सुरू होतं, आणि त्याबद्दल नोंदणीचे पुरस्कर्तेही गप्प असतात. एजंट येतो, ‘आजच करा, नाहीतर उद्या कुणी तुमचं नाव पळवेल’ म्हणून घाबरवतो, पैसे घेतो आणि अर्जाची पावती देतो. मालक ती पावती लॅमिनेट करतो आणि पाटीवर गोलातलं ‘आर’ अक्षर रंगवून मोकळा होतो. पावती म्हणजे नोंदणी नव्हे. नोंदणी झालेली नसताना ती झाल्याचं दाखवायला कायद्यानं मनाई आहे, आणि त्यासाठी दंड होतो. त्या टप्प्यावर फार तर ‘टीएम’ लिहावं. पुढे परीक्षण अहवाल येतो, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मग नाव ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापून येतं आणि कुणालाही चार महिन्यांत हरकत घेता येते. हरकत आली की तिची प्रत मिळाल्यापासून दोन महिन्यांत प्रतिउत्तर दिलं नाही, तर अर्ज सोडून दिला असं कायदा धरून चालतो. आणि अर्जावर पत्ता, ईमेल, मोबाइल कुणाचा? एजंटाचा. तो दुसऱ्या धंद्याला लागलेला असतो. बारामतीच्या मालकाला आपला अर्ज मेल्याचं कळतं ते कुणीतरी नक्कल केल्यावर, वकिलानं क्रमांक टाकून बघितल्यावर. त्या दिवशी तो म्हणतो, ‘ट्रेडमार्क करून काही फायदा होत नाही.’ अहो, केलाच कुठं? अर्जावर स्वतःचा ईमेल आणि मोबाइल घाला, आणि महिन्यातून एकदा अर्जाची स्थिती बघा. एवढं केलं तरी अर्ज असा बेवारस मरत नाही.

नाव कुणाच्या नावावर, हा प्रश्नही आपल्याकडे सोयीस्करपणे टाळला जातो. दोन भाऊ एकत्र दुकान चालवतात तोवर सगळं गोड असतं. वाटण्या झाल्या की शेत मोजून वाटलं जातं, गाडा वाटला जातो, आणि नाव दोघेही घेऊन जातात. हल्दीराम कुटुंबात १९७४ च्या विसर्जनपत्रात पश्चिम बंगाल एका शाखेकडे आणि उरलेला देश दुसरीकडे अशी वाटणी झाली होती. तरी पुढे कोर्टकज्जे झाले आणि एका मुद्द्यावर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निकाल द्यावा लागला. निदान त्यांच्याकडे लेखी काहीतरी होतं. आपल्याकडच्या भागीदारीपत्रात भांडवल आणि नफ्याचे टक्के असतात, नावाबद्दल अवाक्षर नसतं.

जिथं माल अनेकांचा आणि नाव एक, तिथं एकट्याची नोंदणी नकोच. तिथं सामूहिक चिन्ह हवं. कायद्यात त्याची सोय आहे : संस्था नाव नोंदवते, कुणी कोणत्या अटीवर वापरायचं याचे नियम अर्जासोबत देते, आणि सभासद ते वापरतात. भिगवणच्या मासेमारांना, इंदापूरच्या डाळिंब उत्पादक कंपन्यांना, भीमथडी जत्रेत पापड-लोणची विकणाऱ्या गटांना हे सर्वांत जास्त शोभेल. सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांच्या २०२० च्या केंद्रीय योजनेत अशा गटांच्या ब्रँडिंग आणि विक्रीसाठी निम्म्या खर्चाच्या अनुदानाची तरतूद केली गेली. २०२५ च्या उन्हाळ्यात प्राडा या परदेशी फॅशन कंपनीच्या कोल्हापुरीसारख्या चपलांवरून गाजावाजा झाला, वकिलांनी जनहित याचिका केली, आणि मुंबई उच्च न्यायालयानं ती फेटाळताना विचारलं ते हेच की ज्यांच्याकडे नोंद आहे ते कुठं आहेत. तक्रार त्यांनी करावी. कोल्हापुरीकडे निदान २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, त्याची नोंद दोन राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांकडे आहे. भिगवणच्या मासळीसाठी असा प्रश्न कोर्टानं विचारला तर कुणाकडे बोट दाखवायचं?

राहिला तो कट्ट्यावरचा शेवटचा हुकमी सवाल : ‘नोंदणी केली तरी कोर्टात जायचंच ना? मग फरक काय?’ फरक कुठल्या कोर्टात, याचा आहे. इंदापूरच्या मसाल्याची नक्कल नागपूरला विकली जातेय असं समजा. नोंदणी नसेल तर आपला लौकिक चोरल्याचा दावा सर्वसाधारणपणे नक्कल करणारा जिथं राहतो किंवा जिथं ती विकली गेली तिथं, म्हणजे नागपूरला लावावा लागतो. शिवाय इंदापूरच्या मसाल्याला नागपुरात कोण ओळखतं, हेही तुम्हीच दाखवायचं. नोंदणी असेल तर तिचा हक्क देशभराचा, आणि कलम १३४ प्रमाणे मालक जिथं राहतो किंवा धंदा करतो तिथल्या, जिल्हा न्यायालयाच्या दर्जाच्या कोर्टात दावा लावता येतो. मग तारखेला एसटी धरून यायचं ते नागपूरवाल्यानं.